न सांगताही मिळावा असा आधार : एचआयव्ही आणि कामाची जागा

एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाने वेळेत उपचार सुरू केले आणि गोळी न चुकवता घेतली, तर तो आज इतरांइतकेच काम करतो आणि इतरांसारखाच निवृत्तीच्या वयापर्यंत पोचतो. भारतात सरकारी एआरटी (अँटिरेट्रोव्हायरल उपचार) केंद्रांतून हे औषध १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळते. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पुढे केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. २०१७ मध्ये सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी किती घटल्या आहेत याची वाट न पाहता, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळू लागली आणि दिवसाकाठी एक गोळी पुरेशी झाली. औषध लागू पडले की काही महिन्यांत रक्तातला विषाणूभार तपासणीत सापडणार नाही इतका खाली जातो. तो तसाच खाली राहिला, तर त्या व्यक्तीकडून शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. ऑफिसात शेजारी बसण्याचा, एका मशीनवर काम करण्याचा, एकाच नळाचे पाणी पिण्याचा प्रश्न तर औषधे नव्हती तेव्हाही नव्हता.

वैद्यकशास्त्राने आपल्या वाटचे बरेच काम केले आहे. उरलेले काम नोकरी देणाऱ्यांचे आहे आणि ते मागे पडले आहे. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख आहे. त्यांतले सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास, एकट्या महाराष्ट्रात राहतात. यांतले बहुतेक जण कमावत्या वयाचे आहेत. म्हणजे ते कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, दुकानात, बँकेत, शाळेत, ट्रकच्या स्टिअरिंगवर, सोसायटीच्या गेटवर रोज काम करत आहेत. आपल्याकडे असे कोणी नाही, असे सांगणाऱ्या व्यवस्थापकाला बहुधा एवढेच माहीत असते की त्याला कोणी सांगितलेले नाही. न सांगण्याला कारणे आहेत, आणि ती तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवातून आली आहेत.

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. त्यानंतर वर्षभरातच गोवा, दमण आणि दीवच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती होऊन एचआयव्हीबाधितांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या तरतुदीचा घाव डॉमिनिक डिसोझा या तरुणावर पडला. तो नियमित रक्तदान करीत असे आणि त्यातूनच त्याची लागण उघड झाली. १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. त्याची आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तो सुटला, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. पुढे डॉमिनिकने आपल्यासारख्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये, प्रभावी औषधे येण्याआधीच, तो गेला.

त्याच उच्च न्यायालयाने आठ वर्षांनी, १९९७ मध्ये, उलट दिशेने फार मोठे पाऊल टाकले. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाची कायम करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झाली. एचआयव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि त्याचे नाव यादीतून काढून टाकले गेले. बाकी तपासणीत तो कामाला धडधाकट ठरला होता. न्यायालयाने सांगितले की माणूस नेमून दिलेले काम करू शकत असेल आणि सहकाऱ्यांना त्याच्यापासून खराखुरा धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. तसे करणे घटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांचा भंग ठरते. या खटल्यात वादी ‘एमएक्स’ आणि प्रतिवादी ‘झेडवाय’ अशा अक्षरांनी उभे राहिले. नाव झाकून न्याय मागण्याची मुभा मिळाली नसती, तर तो मजूर न्यायालयाची पायरी चढलाच नसता. निकालाइतकेच त्या दोन अक्षरांचे मोल आहे, कारण हक्क मागताना ओळख उघडी पडणार असेल तर बहुतेक माणसे हक्कावर पाणी सोडतात. कामाच्या जागी द्यायच्या कुठल्याही मदतीची पारख याच कसोटीवर व्हायला हवी. जी मदत मिळवण्यासाठी कर्मचाऱ्याला आधी आपला आजार जाहीर करावा लागतो, ती बहुतेकांपर्यंत पोचत नाही.

पुढे संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीमुळे नोकरी नाकारणे, कामावरून काढणे किंवा कामात अन्यायाची वागणूक देणे या कायद्याने निषिद्ध केले. नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी मागता येत नाही. कोणाचीही चाचणी त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. एखाद्याला याच कारणाने कामावरून कमी करायचे, तर स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचे लेखी मत लागते, आणि त्याच्यासाठी कामात किरकोळ फेरबदल करणे आपल्याला का झेपत नाही हेही मालकाला लेखी द्यावे लागते. हे संरक्षण बाधित व्यक्तीसोबत राहणाऱ्यांनाही आहे. नवऱ्याच्या आजाराचा सुगावा लागला म्हणून शिपाई बाईंना घरी बसवणे, हाही या कायद्याचा भंग आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, आणि आरोग्यसेवेत असेल तर वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, वरिष्ठ दर्जाचा तक्रार अधिकारी नेमायचा आहे. माहिती फोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा नीट लिहिलेला आहे. तो कुठे गळतो हे पाहायचे तर कंपनीच्या दारात, नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीपाशी, थांबायला हवे. नियुक्तिपत्र हाती पडण्याआधी उमेदवाराला एका ठरलेल्या लॅबमध्ये पाठवतात. लॅबशी पॅकेज ठरलेले असते: हिमोग्लोबिन, साखर, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, आणि त्याच यादीत कोणी कधी घातले हे आता कोणालाच आठवत नाही असे एचआयव्ही. उमेदवार एका कागदावर सही करतो. त्यावर काय लिहिले आहे ते वाचायला त्याला वेळही नसतो आणि धीरही नसतो. समुपदेशन होत नाही. संध्याकाळी सगळ्या चाचण्यांचे निकाल एकाच पीडीएफमध्ये एचआर विभागाच्या ई-मेलवर येतात. तिथून तो कागद फायलीत जातो, फाइल कपाटात जाते आणि कपाटाची चावी तिघांकडे असते. उमेदवाराला मात्र ‘जागा सध्या भरली गेली’ असे फोनवर सांगितले जाते. कायदा इथे दोन-तीनदा मोडतो, पण तो मोडताना कोणाच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. जुने पॅकेज तसेच चालू राहिले आहे, एवढेच. म्हणून कोणत्याही कंपनीचे पहिले काम सर्वांत साधे आहे. लॅबशी केलेला करार काढावा, चाचण्यांची यादी वाचावी, एचआयव्ही खोडावे आणि लॅबने कंपनीला फक्त ‘कामास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढेच कळवावे, असे लेखी ठरवावे. तपशीलवार अहवाल हा उमेदवाराचा आहे आणि तो त्याच्याच हातात जायला हवा.

नोकरीत असलेल्या माणसाला काय लागते याचा हिशेब मांडला तर तो आश्चर्य वाटावे इतका लहान निघतो. औषध मोफत आहे. त्याला लागतो तो वेळ. सुरुवातीच्या महिन्यांत एआरटी केंद्रावर वरचेवर जावे लागते. प्रकृती स्थिर झाली की तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम मिळू शकतात, आणि विषाणूभाराची चाचणी पहिल्या वर्षानंतर साधारणपणे वर्षातून एकदा होते. मात्र केंद्र सरकारी रुग्णालयात असते, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत चालते आणि रांग असते. पहिल्या पाळीच्या कामगाराला तिथे जायचे म्हणजे दिवस मोडतो. दर खेपेला कारण काय सांगायचे हा त्याचा खरा ताप. कधी सासऱ्याचे आजारपण, कधी रेशनकार्ड, कधी मुलाची शाळा. सहा-आठ महिन्यांत कारणे संपतात. मग तो औषध आणायला जायचे टाळतो, गोळ्यांत खंड पडतो, विषाणूभार पुन्हा चढतो आणि जे औषध लागू पडत होते त्याला विषाणू दाद देईनासा होतो. रजेच्या अर्जातला कारणाचा रकाना एखाद्याच्या प्रकृतीवर असा थेट परिणाम करतो.

यावर उपाय एचआयव्हीचे नाव न घेता करता येतो, आणि तसाच करायला हवा. दर तिमाहीत एक-दोन अर्धे दिवस ‘वैद्यकीय कामासाठी’ कारण न विचारता मिळण्याची सोय सगळ्यांना ठेवावी. मधुमेही तिचा लाभ घेतील, डायलिसिसवर असलेला घेईल, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारा घेईल, आणि त्या गर्दीत एचआयव्हीचा रुग्णही ओळखू न येता आपले औषध आणील. पाळी बदलून घेण्याची मुभा हीसुद्धा अशीच सर्वांसाठी असावी. पूर्वीच्या औषधात एफाविरेंझ असे; त्याने गरगरे, विचित्र स्वप्ने पडत, म्हणून ते झोपताना घ्यायचे. रात्रपाळी करणाऱ्याची त्यात फार ओढाताण व्हायची. नव्या गोळीने तो त्रास बराच संपवला. तरी ती रोज ठरावीक वेळी घ्यावी लागते, आणि कामावर ती वेळ पाळायला दुपारच्या जेवणाची सुट्टी नेमकी केव्हा होते हे पक्के असावे लागते. अनेक जण डबीवरचे लेबल खरवडून काढतात किंवा गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून आणतात. कुलूप लागणारा छोटासा लॉकर प्रत्येकाला दिला, तर हा खटाटोप वाचतो.

बदलीचा विषय क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. एआरटीचा रुग्ण एका केंद्रात नोंदलेला असतो. गाव बदलले की त्याची नोंद दुसऱ्या केंद्राकडे रीतसर वर्ग करून घ्यावी लागते. बांधकामाच्या साइटवरून, विक्री विभागातून किंवा बँकेतून ‘सोमवारपासून नागपूरला रुजू व्हा’ असा हुकूम शुक्रवारी आला, तर त्या कागदपत्रांना वेळ उरत नाही. बदलीची पुरेशी आगाऊ सूचना हा कर्मचाऱ्यांचा सर्वसाधारण हक्क मानला, तर इथेही कोणाला काही सांगावे लागत नाही.

आखाती देशांतल्या नेमणुका याहून कठीण. तिथे कामाचा व्हिसा मिळण्याआधी एचआयव्ही चाचणी होते आणि पॉझिटिव्ह व्यक्तीला प्रवेश मिळत नाही. आपल्या कायद्याचा तिथे उपयोग नाही. कोकणातून आणि गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिकडे गेली आहेत, त्यामुळे इथल्या कंपन्यांना हा प्रश्न परका नाही. बढतीसोबत दुबईची नेमणूक देऊ केली आणि कर्मचाऱ्याने ती नाकारली, तर ‘का?’ हा प्रश्न विचारू नये आणि त्याची बढती इथेच रोखू नये, एवढे कंपनीच्या हातात आहे.

माहिती फुटण्याच्या वाटा बहुधा कागदाच्या असतात. सामूहिक आरोग्य विम्याचा दावा करताना निदान लिहिलेले कागद अनेक ठिकाणी एचआरमार्फत टीपीएकडे, म्हणजे दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे, जातात. बिलांची छाननी करणारा कारकून ते वाचतो. दाव्याची कागदपत्रे कर्मचाऱ्याने थेट टीपीएकडे द्यायची, कंपनीला फक्त एकूण रक्कम कळायची, अशी पद्धत घालून देता येते. कंपनीच्या डॉक्टरकडची नोंदवही वैयक्तिक फायलीपासून वेगळी आणि कुलपात असावी. संगणकावर असेल तर ती कोणी उघडली याची नोंद राहावी. आणि हे नियम सर्वच आजारांना असावेत. फक्त एचआयव्हीची फाइल लाल कव्हरात वेगळी ठेवली की ते कव्हरच बोलू लागते.

कॅन्टीन आणि प्रथमोपचार पेटी या दोन ठिकाणी भीती हटकून बाहेर येते. जेवण, भांडी, शौचालय, घाम, खोकला, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही. स्वयंपाक करणाऱ्या किंवा वाढणाऱ्या माणसाला या कारणाने हलवण्याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. जखमेतल्या रक्ताची काळजी मात्र घ्यायची असते आणि ती प्रत्येकाच्याच बाबतीत घ्यायची असते, कारण देशातल्या साधारण पाच बाधितांपैकी एकाला आपली लागण अजून ठाऊकच नाही. पेटीत हातमोजे असावेत, ते कोणाचेही रक्त पुसताना घालावेत, आणि हे पर्यवेक्षकाने स्वतः करून दाखवावे. रुग्णालये, लॅब आणि कचरा गोळा करणाऱ्या संस्थांत सुई टोचण्याचा धोका खरा असतो. बाधित रक्त लागलेल्या सुईच्या जखमेतून लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. तीही प्रतिबंधक औषधाने आणखी घटते. ते दोन तासांच्या आत सुरू करणे उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यायचे असते. टोचल्यावर रात्री अकरा वाजता कोणाला फोन करायचा आणि कुठे जायचे, हे भिंतीवर लिहिलेले नसेल तर बाकी सगळी माहिती फुकट जाते.

वाईट हेतूने केलेला भेदभाव ओळखणे सोपे असते. दयेपोटी केलेला ओळखू येत नाही, म्हणून तो जास्त चिवट. एखाद्याबद्दल कळले की साहेब त्याला न विचारता ‘हलके काम’ देतात. ओव्हरटाइम बंद होतो, म्हणजे पगाराचा मोठा भाग जातो. प्रशिक्षणाच्या यादीतून नाव गळते, कारण ‘त्याला कशाला दगदग’. चांगला टर्नर स्टोअरमध्ये बसून चलने लिहू लागतो आणि सगळी शॉप विचारू लागते की याला झाले तरी काय. फेरबदल हवेत, पण ते त्या व्यक्तीने मागितलेले, तिच्या डॉक्टरने सुचवलेले आणि गरज संपताच मागे घेता येणारे असावेत.

कधी कधी खरेच मोठे आजारपण येते, विशेषतः निदान उशिरा झाले असेल तर. क्षयरोग हा एचआयव्हीच्या जोडीने येणारा सर्वांत सामान्य आजार, आणि त्यावरचे उपचार निदान सहा महिने चालतात. राज्य कामगार विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात साधारणपणे वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. दीर्घ आजारांची जी यादी योजनेत आहे तीत क्षयरोग आणि एड्स दोन्ही आहेत. अशा आजारात, ठरावीक काळाची नोकरी आणि हप्ते भरलेले असतील तर, ८० टक्के वेतन आणि तेही दोन वर्षांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. कागद भरून देणारे कोणी नाही म्हणून हा पैसा अनेकांच्या हाती लागत नाही. आजारी कामगाराला बिनपगारी रजेवर सोडून देण्यापेक्षा हे अर्ज भरून देणारा एक जाणकार कारकून नेमणे, ही कंपनीला परवडणारी आणि घर सावरणारी मदत आहे.

या सगळ्यातून कंत्राटी कामगार निसटतो. सुरक्षारक्षक, हाऊसकीपिंग, माल चढवणारे, कॅन्टीनचे लोक हे मुख्य कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, म्हणून तिच्या धोरणातही नसतात. कायद्याने मात्र आस्थापनेची व्याख्या रुंद ठेवली आहे: बारा महिने किंवा अधिक काळ पद्धतशीर काम करणाऱ्या दोन माणसांनाही ती लागू होऊ शकते, म्हणजे कंत्राटदारही तिच्यात येतो. कंत्राटाच्या अटींत चाचणीबंदी आणि गोपनीयता ही दोन कलमे घातली आणि मुख्य कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाण्याचा हक्क या माणसांना दिला, तर ज्याला गरज सर्वांत जास्त त्याच्यापर्यंत संरक्षण पोचेल. १९९७ चा तो वादी हंगामी मजूरच होता.

कोणी आपण होऊन सांगितलेच, तर ऐकणाऱ्या वरिष्ठाने काय करावे? ऐकावे. कसे झाले, कोणापासून झाले हे विचारू नये. कोणाला सांगायचे आहे का, हे त्यालाच विचारावे आणि ‘नाही’ म्हटल्यास घरीसुद्धा बोलू नये. संमती लेखी असल्याशिवाय ही माहिती पुढे जाऊ शकत नाही, हे कायद्यानेच सांगितले आहे. जगातल्या मोठ्या उद्योगांनी हा विषय हाताळला तेव्हा त्यांनाही हेच शिकावे लागले. दक्षिण आफ्रिकेत अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने २००२ मध्ये कर्मचाऱ्यांना स्वखर्चाने औषधे देऊ केली, पण नाव उघड होण्याच्या भीतीने चाचणीला पुढे यायला लोक कचरत होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या २०० क्रमांकाच्या शिफारशीतही सक्तीची चाचणी नको आणि गोपनीयता हवी, यावर भर आहे.

शंभराहून कमी माणसांच्या कारखान्याला तक्रार अधिकारी नेमण्याची सक्ती नाही, पण भेदभावबंदी, संमती आणि गोपनीयता ही कलमे त्यालाही पूर्ण लागू आहेत. अशा ठिकाणी वेगळा विभाग लागत नाही. लॅबची यादी दुरुस्त करावी, रजेचा कारणाचा रकाना काढावा, पेटीत हातमोजे ठेवावेत आणि सूचनाफलकावर १०९७ हा राष्ट्रीय एड्स मदतवाहिनीचा क्रमांक सर्वांना दिसेल असा लावावा. हा फोन मोफत आहे. मोफत चाचणी आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत मिळते, आणि तिथला निकाल तपासणी करून घेणाऱ्यालाच सांगितला जातो.